सरदाराचा कौल

माझे बाबा शाळेत सगळा इतिहास शिकवायचे आणि घरी एकाच माणसाचा. त्या माणसाला आम्ही सरदार म्हणायचो. त्याला नाव होतं, बाबांना ते पदव्यांसकट पाठ होतं, पण त्याच्या थडग्यावरसुद्धा ते आता राहिलेलं नाही, तेव्हा मीही लिहीत नाही. थडगं म्हणजे एका गॅरेजच्या मागचा फुटका चौथरा. रविवारी बाबा मला स्कूटरवर पुढं उभं करून तिथं न्यायचे. इतरांच्या मुली बागेत जायच्या आणि मी गंजलेल्या सायलेन्सरांच्या ढिगातून वाट काढत एका मेलेल्या सेनापतीला भेटायला जायचे. तक्रार करायची सोय नव्हती, कारण येताना भेळ मिळायची.

सरदार यादवीतला. तख्तासाठी दोन शहजादे एकमेकांवर उठले आणि दख्खनेत घराघरांत फूट पडली, अशी गोष्टीची सुरुवात असे. ‘यादवी’ हा शब्द बाबा अशा आवाजात उच्चारायचे, की मला ती केस मोकळे सोडून देवगिरीच्या बाजूनं चालत येणारी बाईच वाटायची. सरदार एका शहजाद्याच्या बाजूला, त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्याच्या. घोड्यांच्या सौदागराच्या तळावर घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार म्हणून सरदारानं सुरुवात केली. मग पैठणजवळ भर पुरात गोदावरी ओलांडून तो शत्रूच्या पिछाडीला निघाला आणि त्याचं नाव झालं. मग एका डोंगरी किल्ल्यात वेढ्यात अडकला, तिथं लोकांनी शेवटी घोडे मारून खाल्ले. मग मैदानातली मोठी लढाई, जिच्यात त्याचा डावा हात कायमचा गेला. हा क्रम बाबांनी कधी बदलला नाही, आणि शेवटी यायचा तो कौल.

कौल म्हणजे अभयाचं वचन, हे त्यांनी मला घरावरच्या कौलाच्या आधी शिकवलं होतं. “भावानं भावाला कौल दिला,” ते सांगायचे, “डेऱ्यात दोघं गेले, बाहेर एकच आला.” इथं थांबून ते चष्मा पुसायचे. मी सरदारासाठी रडायचे. धाकट्यानं दगा दिला असणार, आणि नंतर मनाला लागलं म्हणून त्यानंच तो चौथरा बांधला असणार, असं मी माझं माझं जुळवून टाकलं होतं. बाबांनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

असं जुळवायला मला घरातच कारण होतं. माझे एकुलते एक काका पैठणला, आणि त्यांचं आमचं बोलणं नव्हतं. आजी गेली तेव्हा काकांनी चार लोकांत बाबांना नाही नाही ते सुनावलं. बाबा मान खाली घालून ऐकत होते, ते मी पाहिलं होतं. का, ते विचारायची हिंमत झाली नाही. धाकटे भाऊ असेच असतात, एवढं शहाणपण घेऊन मी मोठी झाले.

आता शहरातल्या पुंडलिकनगरात बाबा आणि मी, आम्ही दोघंच राहायचो. मी कॉलेजात शिकवते. लग्न केलं नाही, आणि त्याची चौकशी नातेवाइकांनीही अलीकडं सोडलीय. मी बाहेर असताना बाबांकडं बघायला एक मावशी यायच्या. गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस मी तास संपवून बाहेर आले तर त्यांचा फोन.

“ताई, सर हिंदीत वरडायलेत,” मावशी म्हणाल्या. “मला म्हन्ले, घोडे पानी पिले का. मी म्हन्लं, पिले. बराबर केलं ना?”

मी हसले. घरी आले आणि हसू गेलं. माझे बाबा गुलमंडीतल्या दुकानदारांशीसुद्धा हट्टानं मराठीत घासाघीस करणारे. हिंदी बोलले की त्यांची जीभ जड व्हायची. तेच बाबा खाटेवर ताठ बसून अस्सल दखनीत बोलत होते, आणि तो आवाज त्यांच्या छातीतून येत नव्हता असं मला वाटलं. “पानी कित्ता चढा?” त्यांनी मला विचारलं. माझ्याकडं बघत होते, पण लेकीकडं बघावं तसं नाही. बातमी आणणाऱ्या माणसाकडं बघावं तसं.

डॉक्टरांनी सांगितलं की वयानं होतं असं, विरोध करू नका, ते ज्या जगात आहेत तिथं तुम्हीही जा. त्यांना सांगायला सोपं होतं. मला ते जग पाठ होतं, आणि त्या जगात आज गोदावरीला पूर होता.

त्या आठवड्यात बाबा कमरेपर्यंत गारठलो म्हणायचे. भर दुपारी पायजमा कमरेपर्यंत ओला असायचा. त्याचं कारण उघड होतं, म्हाताऱ्या माणसांच्या घरात ते सगळ्यांना कळतं, आणि मी न चिडता कपडे बदलत होते. पण वास त्याचा नव्हता. वास नदीच्या गाळाचा होता. पायजमा धुताना मावशींनी तो नाकाजवळ नेऊन लांब धरला आणि माझ्याकडं पाहिलं.

मग नदी संपली आणि वेढा सुरू झाला. बाबा जेवेनात. दिलेली पोळी उशीखाली दडवायचे आणि किल्ल्यावरच्या शिबंदीतल्या लोकांना आधी वाढा म्हणायचे. खिडकीतून समोरच्या मंगल कार्यालयाचा बँड ऐकू आला की भिंतीला कान लावून बसायचे आणि किती नगारे आहेत ते मोजायचे. एकदा मला जवळ बोलावून हळूच म्हणाले की तपकिरी घोडी शेवटी मारा, ती गाभण आहे. मला भडभडून आलं. खोलीत घोड्यांच्या लिदीचा वास भरून राहिला होता आणि मी सगळ्या खिडक्या उघडून, फिनेल टाकून फरशी पुसत होते.

एका सकाळी चहाचा कप पुढं केला तर बाबांनी डावा हात उचललाच नाही. हाताकडं बघितलं, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा आहे. डॉक्टर म्हणाले, छोटासा झटका आहे, हाताची ताकद थोडीफार परत येईल. मी मान डोलावली. त्यांना काय सांगणार, की हात जाणार हे मला सहावीत असल्यापासून माहीत होतं?

तेव्हा मला खरी भीती बसली. नदी, वेढा, हात. राहिला फक्त कौल. बाबा त्या डेऱ्यापर्यंत पोचले की बाहेर यायचे नाहीत, हे मला दोन अधिक दोन इतकं स्पष्ट दिसत होतं. मी एम.ए. झालेली बाई आहे, मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते. तरी मी ठरवलं की बाबांना तिथं पोचू द्यायचं नाही.

म्हणून मी जासूद झाले. रोज कॉलेजातून आले की चपला काढून खोटी बातमी द्यायचे. घाट बंद झालाय सरकार. दाणागोटा अजून मागं आहे. शहजाद्यांचा हुकूम आहे, इथंच छावणी करा. बाबा ऐकायचे, कधी चिडायचे, कधी नुसतं “हौ” म्हणून आडवे व्हायचे. दिवस जात होते. मला त्यात, खोटं कशाला सांगू, थोडी मजाही यायला लागली होती. आयुष्यभर त्यांनी गोष्ट सांगितली आणि मी ऐकली, आता ती माझ्या हातात आली होती.

आणि मग काकांचा फोन आला.

मी कणीक मळत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. इतक्या वर्षांनी तो आवाज ओळखायला मला वेळ लागला. बाबांच्या तब्येतीचं त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं, पण तसं न म्हणता त्यांनी घराचं निमित्त काढलं. पैठणच्या घराचं छप्पर उतरवून स्लॅब टाकायचा होता. “दादाला विचार गं,” काका म्हणाले, “जुनी कौलं ठेवायची का? नाय तर मी आपला देऊन टाकतो.”

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. त्या दिवसांतला तो पहिला मराठी आवाज, पण त्यातही हुकूमच होता. “देऊन टाका. कौल दिला म्हणावं त्याला. बेफिकीर ये म्हणावं.”

मग काकांनी विचारलं, “दादा म्हणला का हे?” मी हो म्हटलं. “येतो सांग,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी शिरा केला. गोष्टीत कौल देणारा धाकटा आणि जाऊन मरणारा सरदार. इथं एका कौलाचा दुसरा कौल ऐकू आला आणि सगळं उलटं झालं होतं. बोलावणं थोरल्यानं धाडलं होतं, बाबांना कुठंही जायचं नव्हतं. गोष्टीची गाडी रुळावरून घसरली होती, आणि तीही घरावरच्या खापरांमुळं. मी मनातल्या मनात काकांना सगळं माफ करून टाकलं.

बाबा तयारीला लागले. येणाऱ्याला मानाचं वस्त्र द्यायचं असतं म्हणून त्यांनी मला शेला आणायला सांगितला. मी गुलमंडीत जाऊन तो आणला. दुकानदारानं विचारलं, नवरदेवासाठी का, तर मी म्हटलं, काकांसाठी. तरी त्यानं तो आहेराचा म्हणून लाल कागदात बांधून दिला. पानाचं तबक बाबांनी माळ्यावरून काढायला लावलं. ज्या दिवशी काका यायचे होते त्या सकाळी मी पानं, चुना, सुपारी, अडकित्ता असं सगळं मांडून ते त्यांच्या खाटेशी ठेवलं. त्यांनी दाढी करून घेतली. आरशात बघून ते खूश झाले, आणि मीही.

काका पैठणच्या एसटीनं दुपारी जेवायच्या वेळेला आले. बाबांसारखेच, फक्त एक माप लहान. हातात पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक कौल. दादाला दाखवायला आणलंय म्हणाले. स्वयंपाकघरात पाणी प्यायला बसले आणि कितीतरी वेळ नुसते घराकडं बघत राहिले.

मला बोलल्याशिवाय राहवेना. एवढे दिवस एकटीच भीत होते. मी त्यांना नदीपासून सगळं सांगितलं, वासाचंही सांगितलं. आणि हसत हसत म्हटलं की तुमच्या कौलांनी बाबांना वाचवलं बघा, नाहीतर तुम्हीच त्यांना डेऱ्यात बोलावून मारायचात.

काका हसले नाहीत. “अगं, सरदार कुठं मेला?” ते म्हणाले. “कौल सरदारानंच दिला. धाकटा आला भरवशावर, अन् त्याला विडा देता देता मारला. सरदार चांगला म्हातारा होऊन मेला या शहरात. शेवटी शेवटी कुणाशी बोलत नव्हता म्हणे.”

मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं. ते म्हणाले की लहानपणी दोघं नदीच्या वाळूत हाच खेळ खेळायचे. आईचं लुगडं काठीवर टाकून डेरा करायचा. दादा कायम सरदार. काका कायम मरायला. कधी कधी ते आत जायला नको म्हणायचे, मग दादा रुसायचा आणि दिवसभर बोलायचा नाही. “आत गेल्याशिवाय खेळ संपायचा नाय,” काका म्हणाले, “अन् खेळ संपल्याशिवाय आई जेवायला वाढायची नाय. म्हणून जायचो.”

गोष्टीची गाडी कुठंही घसरली नव्हती. ती बरोबर चालली होती आणि धाकटा येणार म्हणून मीच शिरा केला होता. मी काकांना म्हटलं, तुम्ही आल्या पावली परत जा, मी बाबांना काहीतरी सांगते.

काकांनी माझ्याकडं बघितलं आणि सावकाश आजीचं सांगितलं. बाबा तिला म्हणाले होते, पोळा झाला की शहरात नेतो. पोळा झाला, दसरा झाला. पैठणला आजी रोज पिशवी भरून दारातल्या ओट्यावर बसायची. एसटी गेली की पिशवी घेऊन आत यायची. तशीच गेली. मयतीत काका बोलले ते यावरून. “तोही कौलच होता की,” ते म्हणाले. “पण त्यानं बोलावलं अन् मी गेलो नाय, असं आजवर झालं नाय. त्यानं बोलावलंच नाय गं मला इतकी वर्षं.”

मला बाबांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्यांची कीव आली. एवढी वर्षं ते चष्मा पुसायचे ते कुणासाठी, हे मला तिथं स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी असताना कळलं. काका उठून आतल्या खोलीकडं निघाले होते. मी मागोमाग गेले.

बाबा उशीला टेकून बसले होते. दाराचा पडदा वाऱ्यानं आत फुगला होता आणि दुपारचं ऊन त्यातून पिवळं होऊन खोलीभर पसरलं होतं. मी त्या खोलीत रोज झाडू मारते, तरी त्या क्षणी मला ती ओळखू आली नाही. पुन्हा तो नदीचा वास. बाबांनी डोळ्यांनीच मला खूण केली, तसा मी शेला काकांच्या खांद्यावर घातला. तबकात विडा लावून ठेवला होता. अडकित्ता तबकात नव्हता. बाबांचा उजवा हात पांघरुणाखाली होता.

“या,” बाबा म्हणाले, त्या दुसऱ्या आवाजात.

एका हातानं अधू झालेला म्हातारा माणूस सुपारी कातरायच्या अडकित्त्यानं कुणाचं काय करणार, हे मी नंतर स्वतःला कितीतरी वेळा विचारलंय. तेव्हा विचारलं नाही. कारण मी बाबांचा चेहरा बघत होते. तो शांत होता. सगळं आधीच होऊन गेलेल्या माणसासारखा शांत.

काका खाटेच्या कडेवर बसले. विड्यासाठी हात पुढं केला आणि मान थोडी वाकवली. ती कशी वाकवायची हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पांघरूण हललं. बाबांचा हात बाहेर आला, त्यात अडकित्ता होता, उघडा. तो काकांच्या मानेच्या शेजारी येऊन थांबला.

किती वेळ थांबला ते मला सांगता येणार नाही. रस्त्यावरून एक भंगारवाला ओरडत गेला. मग बाबांच्या हातातून अडकित्ता काकांच्या मांडीवर पडला.

“तू कशाला आलास रे?” बाबांनी विचारलं. हा त्यांचा आवाज होता, शाळेतला, घरातला, खडूनं घसा बसलेला. कित्येक महिन्यांत मी तो ऐकला नव्हता.

“तू बोलावलंस म्हणून,” काका म्हणाले.

बाबा रडायला लागले आणि चालत्या हातानं काकांना खाटेवरून ढकलायला लागले. जा म्हणाले, ऊठ, एसटी चुकेल, इथं थांबू नको. छातीवर, खांद्यावर, जिथं हात लागेल तिथं ढकलत होते. काका जागचे हलले नाहीत. हात थकेपर्यंत ढकलू दिलं आणि मग तो हात आपल्या हातात घेऊन बसले.

त्यानंतर आमच्या घरात कुणी दखनी बोललं नाही. वास गेले. काका राहिले. खाटेशेजारी गादी टाकून ते झोपायचे, दोघं दिवसभर आईच्या हातच्या पदार्थांवर बोलायचे, आंबट वरण, मिरचीचा खर्डा. बाबांना माझं नाव आठवायला लागलं. मला वाटलं, सुटलो. मग एका सकाळी मी चहा घेऊन आत गेले, तर काका बाबांचा हात धरून बसले होते आणि त्यांनी मला कप खाली ठेवायला सांगितलं.

लोक म्हणाले, भावाची भेट झाली आणि सोन्यासारखं मरण आलं. मीही हो म्हणत राहिले. वेगळं काय सांगणार?

स्मशानातून परतल्यावर काका अंघोळ करून दाराबाहेरच्या ओट्यावर बसले. डोकं पुसायला मी टॉवेल दिला, तो त्यांनी नुसताच मांडीवर ठेवला. केसांतून पाणी गळत होतं. शेजारची माणसं चपला शोधत हळूहळू पांगत होती, तेव्हा ते माझ्याशी बोलले, आणि तो आवाज सत्तरीतल्या माणसाचा नव्हता.

“या बारीला सोडलं मला दादानं,” काका म्हणाले. “मी तर मरायच्या तयारीनं आलतो.”